पाठ नियोजन आणि पाठ टाचण: छात्राध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सराव पाठ सुरू झाले की छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांचे, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बोलणं हवेत राहू नये म्हणून बहुतेक ठिकाणी एकच पाठ उदाहरणाला घेतला आहे: भिन्नछेद (वेगवेगळे छेद असलेल्या) अपूर्णांकांची बेरीज, ४० मिनिटांची तासिका, वर्गात ४० मुलं. तुमचा विषय भाषा असो की इतिहास, टाचणाचा, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याचा, सांगाडा फारसा बदलत नाही.

टाचण लिहायला बसल्यावर सुरुवात कुठून करायची?

शेवटून. तास संपताना प्रत्येक मुलाने एकट्याने, कुणाची मदत न घेता सोडवायचा असा एक प्रश्न आधी कागदावर लिहा. आपल्या उदाहरणात तो असा असेल: "२/३ + १/४ किती? छेद सारखा का करावा लागला, हे एका वाक्यात लिहा." हा प्रश्न ठरला की बाकीचं टाचण त्याच्यामागे येतं. तो सुटायला मुलांना काय यायला हवं (सममूल्य अपूर्णांक तयार करणं, समच्छेद बेरीज), त्यातलं आधीपासून काय येतं, आज नवीन काय द्यायचं आणि ते पक्कं व्हायला किती उदाहरणं लागतील, हे त्याच क्रमाने ठरवा.

बहुतेक नवशिके उलट्या दिशेने जातात. आधी आकर्षक प्रस्तावना, मग तक्ता, मग पुस्तकातला मजकूर, आणि शेवटी जागा उरली तर मूल्यमापनाचे दोन प्रश्न. असा पाठ दिसायला छान असतो, पण घंटा झाल्यावर मुलांना काय आलं हे शिक्षकालाही सांगता येत नाही.

उद्दिष्ट लिहिताना नेमकं काय चुकतं?

क्रियापद. "विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची बेरीज समजेल" हे वाक्य तपासता येत नाही, कारण समजणं डोळ्यांना दिसत नाही. त्याऐवजी असं लिहा: "विद्यार्थी १२ पर्यंतचा समान छेद असलेल्या दोन भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज करतो आणि छेद समान करण्याचं कारण सांगतो." यात कृती दिसते (करतो, सांगतो) आणि मर्यादाही ठरते. ती मर्यादा फार उपयोगाची असते. ती नसेल तर उत्साहाच्या भरात तुम्ही फळ्यावर ५/१४ + ३/२१ लिहून बसता आणि उरलेला तास लसाविमध्ये जातो.

बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक उद्दिष्टांचे सहा स्तर मांडले. २००१ च्या सुधारित मांडणीत ते स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती या क्रियांच्या रूपात आले. ही यादी क्रियापदं शोधायला चांगली आहे. पण एका तासिकेत सहाही स्तर बसवण्याचा अट्टहास करू नका. टाचणाच्या नमुन्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने असतात म्हणून प्रत्येकात काहीतरी भरायची सवय लागते. ४० मिनिटांत एक मुख्य उद्दिष्ट आणि फार तर एक जोड उद्दिष्ट पुरतं.

४० मिनिटांची विभागणी कशी करावी?

आपल्या पाठासाठी एक चालणारी विभागणी अशी:

- ३ मिनिटं: स्थिरस्थावर होणं, हजेरी, वह्या उघडणं
- ५ मिनिटं: पूर्वज्ञानाची दोन गणितं, प्रत्येकाने वहीत सोडवायची
- २ मिनिटं: नवीन अडचण समोर मांडणं आणि हेतुकथन (आज काय शिकणार ते सांगणं)
- ११ मिनिटं: कागदी पट्ट्यांसह दोन उदाहरणं, शिक्षक आणि मुलं मिळून
- ४ मिनिटं: एक चुकीचं सोडवलेलं गणित, जोडीत चर्चा
- ९ मिनिटं: स्वतंत्र सराव
- ६ मिनिटं: शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर सोडवणं, चिठ्ठ्या गोळा करणं, स्वाध्याय सांगणं

पहिली ३ मिनिटं टाचणात कुणी धरत नाही, पण ती जातातच. टाचणात मिनिटांसोबत घड्याळातली वेळही लिहा: "११:१० पर्यंत दुसरं उदाहरण संपलेलं असावं." शिकवताना "आता किती मिनिटं झाली" हा हिशोब डोक्यात होत नाही, घड्याळाकडे मात्र नजर जाते.

आणखी एक रकाना आखा: "या वेळेत मुलं काय करत असतील?" शिक्षककृतीचा रकाना भरगच्च आणि विद्यार्थीकृतीच्या रकान्यात सलग तीन वेळा "ऐकतात, उत्तरे देतात" असेल, तर तो भाग पुन्हा लिहा. बरे-वाईट पाठ ओळखायची याहून सोपी खूण नाही.

प्रस्तावना किती वेळाची असावी? "आज आपण काय शिकणार?" हे मुलांकडूनच काढून घ्यावं का?

पूर्वज्ञान आणि हेतुकथन धरून ५ ते ७ मिनिटं. मुलांकडून शीर्षक वदवून घेण्याचा खेळ मात्र टाळा. पाच-सहा प्रश्नांची साखळी लावून शेवटी एखाद्या मुलाच्या तोंडून घटकाचं नाव यावं अशी पद्धत बरीच रूढ आहे. प्रत्यक्षात मुलं भलतीच उत्तरं देतात, शिक्षक "अजून सांगा, अजून सांगा" करत राहतात आणि पाच मिनिटं ओळखाओळखीत जातात. शीर्षक सरळ सांगा. मुलांकडून काढायची ती अडचण. "२/७ + ३/७ जमलं. आता १/२ + १/३ सांगा." इथे वर्ग थबकतो किंवा कुणीतरी आत्मविश्वासाने २/५ म्हणतं. प्रस्तावनेचं काम तिथे झालं.

पूर्वज्ञानाचे प्रश्न विचारले आणि मुलांना ते आलेच नाहीत तर?

याची सोय टाचणातच हवी. "१/२ चा छेद ६ असलेला सममूल्य अपूर्णांक लिहा" हे गणित मुलं सोडवत असताना वर्गात फिरा आणि वह्या बघा. ४० पैकी ३०-३२ मुलांचं बरोबर असेल तर ठरल्याप्रमाणे पुढे जा, अडलेली मुलं ध्यानात ठेवा. निम्म्याहून अधिक मुलांचं चुकत असेल तर नवीन घटक तिथेच थांबवा आणि सममूल्य अपूर्णांकांवर १० मिनिटं घालवा. मग शेवटचा प्रश्नही १/२ + १/४ इतका सोपा करावा लागेल. निरीक्षक बसलेले असताना हे करायला धीर लागतो. पण टाचणात "निम्म्याहून अधिक चुकल्यास: पर्याय ब" असं आधीच लिहिलेलं असलं, तर तोच बदल नियोजनाचा भाग ठरतो.

पंचपदीच्या पायऱ्या पाळायलाच हव्यात का?

पंचपदी म्हणजे पाठाच्या ठरावीक पाच पायऱ्या. तुमच्या अध्यापक महाविद्यालयाने जो आराखडा दिला असेल त्यातच लिहा. त्यावर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्टने (१७७६–१८४१) मुळात चार पायऱ्या मांडल्या होत्या, त्यांच्या पाच झाल्या त्या त्याच्या अनुयायांच्या हातून. म्हणजे हा साचा पहिल्यापासूनच बदलत आला आहे. विज्ञानाच्या पाठांसाठी १९८० च्या दशकात पुढे आलेला 'पाच ई' आराखडा (इंग्रजीत 'ई'ने सुरू होणारे पाच टप्पे: गुंतवणं, शोध घेणं, स्पष्ट करणं, विस्तार करणं, मूल्यमापन) वापरतात. त्यात स्पष्टीकरणाआधी मुलं स्वतः हाताळून बघतात, हा खरा फरक. आराखडा कोणताही असो, शेवटचा प्रश्न आणि विद्यार्थीकृतीचा रकाना त्यात बसतोच.

टाचणात प्रश्न शब्दशः लिहावेत का?

मुख्य प्रश्न, म्हणजे पाच ते सात, शब्दशः लिहा. बाकीचे ओघात येतात. ऐनवेळी सुचलेला प्रश्न हमखास लांबतो, दोन प्रश्न एकात शिरतात किंवा उत्तर प्रश्नातच सांगितलं जातं: "छेद वेगळे आहेत, मग ते सारखे करायला हवेत ना?" याला "हो" सोडून काय उत्तर येणार?

प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली तीन गोष्टी लिहा: अपेक्षित उत्तर, संभाव्य चुकीचं उत्तर, आणि ते आल्यावर तुमचा पुढचा प्रश्न. हा तिसरा भाग लिहिताना सर्वांत जास्त वेळ जातो, आणि वर्गात सर्वांत जास्त उपयोगही त्याचाच होतो.

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. हा वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केल्यावर उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण फळ्यापाशी उभं राहिल्यावर ते फार लांब भासतात. मनात सावकाश चार अंक मोजा. प्रश्न आधी, नाव नंतर: "बेरीज अर्ध्यापेक्षा जास्त येईल की कमी?" मग थांबा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलंत की उरलेली ३९ मुलं सुटतात.

"समजलं का?" हा प्रश्न टाचणातून काढूनच टाका. वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि त्यातून काहीही कळत नाही.

मुलं कोणती चूक करतील हे आधीच कसं कळणार?

पाठातली सगळी गणितं स्वतः सोडवा, आणि नंतर मुद्दाम चुकवा: नियम अर्धवट आठवणारं मूल हे कसं सोडवेल? त्या वर्गाच्या नेहमीच्या शिक्षकांना "या घटकात मुलं कुठे अडतात?" एवढं एकच विचारा. दोन मिनिटांत हाती लागेल ते पुस्तकात मिळत नाही. मागच्या चाचणीचे पेपर चाळायला मिळाले तर उत्तमच.

आपल्या पाठातली ठरलेली चूक म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणं: १/२ + १/३ = २/५. "चूक आहे, असं करायचं नाही" म्हटल्याने ती जात नाही. मुलाला ती रीत बरोबरच वाटत असते, आणि गुणाकारात अंशाला अंशाने, छेदाला छेदाने गुणणं चालतंही. म्हणून त्याच रीतीने १/२ + १/२ करायला लावा. उत्तर २/४ येतं, म्हणजे पुन्हा अर्धाच. अर्धा आणि अर्धा मिळून अर्धा कसा? इथे मूल स्वतःच अडखळतं. मग २/५ हा १/२ पेक्षाही लहान आहे हे पट्टीवर दाखवा. असं प्रत्युदाहरण ऐनवेळी सुचत नाही, ते टाचणातच हवं.

शैक्षणिक साधनं किती असावीत?

एक. मुलांच्या हातात जाणारं असेल तर सोन्याहून पिवळं.

साधन निवडताना आकड्यांचाही विचार करा. अपूर्णांकांसाठी पट्ट्या कापायच्या तर त्या १२ सेंटिमीटर लांबीच्या घ्या: अर्धा ६, तृतीयांश ४, चतुर्थांश ३ आणि षष्ठांश २ सेंटिमीटर, सगळे पूर्ण आकडे. अर्धा आणि तृतीयांश टोकाला टोक लावून ठेवले की १० सेंटिमीटर होतात. तेवढ्यात षष्ठांशाचे पाच तुकडे नेमके बसतात आणि ५/६ डोळ्यांसमोर येतो. हीच पट्टी १० सेंटिमीटरची घेतलीत तर तृतीयांश ३.३३ वर जातो, कापताना थोडा कमी-जास्त होतो आणि मुलं "बसत नाही" म्हणून तक्रार करतात. पट्ट्या आदल्या दिवशी कापा, दोघांत एक असे २० संच पाकिटांत भरा, दोन संच जादा ठेवा. वर्गात कात्र्या वाटल्या की तासिका कापण्यातच संपते.

चित्रफीत किंवा सादरीकरण दाखवणार असाल तर वीज गेल्यास काय, हे एका ओळीत लिहून ठेवा.

फळ्याचं नियोजन खरंच कागदावर करायचं का?

हो. टाचणाच्या मागच्या पानावर एक आयत काढा आणि तास संपताना फळा कसा दिसेल ते त्यात लिहा. डावीकडे विषय, घटक, तारीख आणि नवीन शब्द. मधला मोठा भाग मुख्य उदाहरणांसाठी, तो शेवटपर्यंत पुसायचा नाही. उजवीकडची अरुंद पट्टी कच्च्या कामासाठी, ती हवी तेव्हा पुसा. मुलं वहीत जे उतरवतील ते मधल्या भागातूनच.

अक्षराचा आकार मापून ठरवू नका. तासाआधी एक ओळ लिहून शेवटच्या बाकावर जाऊन वाचून बघा. हिरव्या किंवा काळ्या फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू नीट दिसतो. लाल आणि निळा मागून जवळजवळ दिसत नाही, महत्त्वाचं मात्र नेमकं त्याच रंगात लिहिलं जातं. लिहिताना थोडं तिरपं उभं राहा आणि लांब मजकूर एका दमात लिहू नका. पाठ फिरलेली दोन मिनिटं वर्गाला पुरेशी असतात.

गटकार्य ठेवलं की गोंधळ होतो. काय करावं?

बहुतेक वेळा गोंधळाचं मूळ सूचनेत असतं. कागद वाटून झाल्यावर सूचना दिली की ती कुणीच ऐकत नाही. क्रम असा ठेवा: सूचना, मग एका मुलाकडून ती परत म्हणवून घेणं, मग साहित्य, मग "सुरू करा". सूचनेत कृती, वेळ आणि शेवटी हातात काय असायला हवं हे तिन्ही यावं: "जोडीने हे गणित तपासा, चूक कोणत्या पायरीत आहे तिथे गोल करा आणि कारण एका ओळीत लिहा. वेळ ४ मिनिटं."

सुरुवातीच्या पाठांत सहा जणांचे गट करू नकाच. दोघं लिहितात आणि चौघं बघतात, शिवाय बाकं हलवण्यात वेळ जातो. शेजारच्याशी जोडी लावायला शून्य मिनिटं लागतात. आधी एकट्याने विचार, मग जोडीत बोलणं, मग वर्गासमोर मांडणं ही रीत कोणत्याही विषयाला चालते.

काही मुलं पटकन संपवतात, काहींचं पहिलंच गणित होत नाही. दोन टाचणं लिहायची का?

एकच टाचण, उद्दिष्टही एकच. फरक आधारात करायचा. ९ मिनिटांच्या सरावात आठ गणितं द्या: पहिली तीन ज्यांत एक छेद दुसऱ्याच्या पटीत आहे (१/२ + १/४ सारखी), पुढची तीन पाठात घेतली तशी, शेवटची दोन उलटी, उदाहरणार्थ "उत्तर ७/१२ येईल असे दोन भिन्नछेद अपूर्णांक शोधा". प्रत्येकाने सगळी सोडवायची सक्ती नाही. अडलेल्यांना पट्ट्या वापरू द्या किंवा पहिली पायरी सोडवून दिलेलं गणित द्या. लवकर संपवणाऱ्यांना आणखी दहा तशीच गणितं देणं म्हणजे शिक्षाच, त्यांना उलटा प्रश्न द्या.

पाठ वेळेआधी संपला किंवा वेळ अपुरा पडला तर?

टाचणातल्या ज्या भागांशिवाय चालेल त्यांच्यापुढे आधीच फुली करून ठेवा. आपल्या पाठात दुसरं उदाहरण आणि सरावातली शेवटची दोन गणितं गाळता येतात. शेवटची ६ मिनिटं गाळायची नाहीत. वेळ कमी पडला की सगळ्यात आधी तीच कापली जातात, आणि मग पाठ घंटेवर अर्ध्या वाक्यात तुटतो.

पाठ लवकर संपण्याचं कारण बहुधा एकच: हुशार दोन-तीन मुलांच्या उत्तरांवर विसंबून पुढे धावणं. तरीही एक जादा कृती खिशात असू द्या. "आजच्या घटकावर शेजाऱ्यासाठी एक प्रश्न तयार करा" ही कुठेही चालते.

टाचण किती पानी असावं?

वहीची दोन ते तीन पानं, शिवाय फळ्याचा आराखडा. वर्गात मात्र ते हातात घेऊन वाचू नका. हाताच्या तळव्याएवढ्या कार्डावर वेळा, मुख्य प्रश्न आणि गणितांचे आकडे उतरवा. टाचण टेबलावर उघडं असू द्या.

सूक्ष्म अध्यापनात चांगलं जमतं, पूर्ण पाठात का फसतं?

कारण तिथे, म्हणजे सहाध्यायांसमोर घेतलेल्या काही मिनिटांच्या छोट्या पाठात, एका वेळी एकच कौशल्य असतं. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत आणली तीच मुळी अध्यापनाचे तुकडे करून सराव देण्यासाठी. प्रचलित चक्र ३६ मिनिटांचं असतं: अध्यापन ६, प्रत्याभरण (पाठ बघणाऱ्यांचे अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. सर्वांत जास्त वेळ पुनर्नियोजनाला आहे हे लक्षात घ्या, कारण घाई नेमकी तिथेच होते. शिवाय समोर बसलेले सहाध्यायी खरी चूक करत नाहीत. पूर्ण पाठात ती पहिल्या पाच मिनिटांत समोर येते.

दुसऱ्याचं किंवा तयार मिळालेलं टाचण वापरलं तर चालेल का?

कल्पना घ्या, उदाहरणं घ्या. वेळा, पूर्वज्ञानाचे प्रश्न आणि अपेक्षित चुका मात्र तुमच्या वर्गाच्याच हव्यात. संगणकाकडून लिहून घेतलेल्या टाचणालाही हेच लागू. त्यातली गणितं स्वतः सोडवून बघा, आकडे चुकलेले असू शकतात.

मुलाने असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर मला येत नाही, तर?

"चांगला प्रश्न, उद्या बघून सांगतो" म्हणा, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि उद्या खरंच सांगा. ठोकून दिलेलं उत्तर मुलं फार काळ लक्षात ठेवतात.

पाठ झाल्यावर काय लिहायचं? "पाठ चांगला झाला" एवढ्यावर निरीक्षक समाधानी नसतात.

गोळा केलेल्या चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचा आणि तीन गठ्ठे करा: उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही, उत्तर चूक. ४० चिठ्ठ्यांना १०-१५ मिनिटं लागतात. गुण देऊ नका, फक्त मोजा. मधला गठ्ठा मोठा असेल तर मुलांनी रीत पाठ केली आहे आणि पट्ट्यांवर जास्त वेळ हवा होता. तिसऱ्या गठ्ठ्यात एकच चूक पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्याच चुकीला द्या. ती वेगवेगळी असेल तर त्या मुलांना सरावाच्या वेळी जवळ जाऊन बघा.

टाचणाच्या शेवटी मग तीन ओळी पुरतात: तिन्ही गठ्ठ्यांचे आकडे, ठरलेल्या वेळेपेक्षा कुठे किती जास्त गेला, आणि हाच पाठ दुसऱ्या तुकडीत घ्यायचा झाल्यास कोणती एक गोष्ट बदलाल. एकच. फळा पुसण्यापूर्वी त्याचा फोटो काढा, मुलांचे चेहरे येणार नाहीत असा, आणि मागच्या पानावरच्या आराखड्याशी ताडून बघा.